अर्थसंकल्पातल्या आकड्यापासून गावातल्या कामापर्यंत: राज्याचा पैसा कसा शोधायचा

एखाद्या सरकारी योजनेवर किती पैसे गेले, या प्रश्नाला महाराष्ट्रात किमान पाच खरी उत्तरं असतात: मार्चमध्ये मंजूर झालेली मूळ तरतूद, पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मंजूर करून घेतलेली जादा रक्कम) आणि पुनर्विनियोजन (एका बाबीतून दुसऱ्या बाबीकडे वळवलेला पैसा) यांनंतरची सुधारित तरतूद, वित्त विभागाने प्रत्यक्ष वितरित केलेला निधी, कोषागारातून निघालेली रक्कम आणि शेवटी जागेवर झालेलं काम. हे पाच आकडे क्वचितच जुळतात. बातमीत बहुतेक वेळा पहिला येतो, नागरिकाला हवा असतो पाचवा. हा लेख पहिल्यापासून पाचव्यापर्यंत जाण्यासाठी आहे. कुठलाही आकडा हातात आला की तो या पाचांपैकी कितवा, हे आधी ठरवा आणि वहीत त्याच्या शेजारी लिहून ठेवा.

पायरी 1: योग्य वर्षाची योग्य पुस्तकं घ्या

राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 प्रमाणे दरवर्षी विधिमंडळापुढे वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र मांडलं जातं. त्यासोबत बरीच पुस्तकं येतात आणि ती वित्त विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. नवख्याला तीनच पुरेत: अर्थमंत्र्यांचं भाषण, ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ ही छोटी पुस्तिका आणि ज्या विभागाचा शोध घ्यायचा त्याचे तपशीलवार अंदाज. अर्थसंकल्पाच्या आधी येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ संदर्भासाठी उत्तम, पण ती अर्थसंकल्पाचा भाग नाही. तिच्यातल्या आकड्यांवर विधिमंडळ मतदान करत नाही.

निवडणुकीच्या वर्षी सावध राहा. 2024 मध्ये 27 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि 28 जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प. त्यामुळे 2024-25 साठी दोन संच सापडतात. फेब्रुवारीचा संच उघडून त्यात लाडकी बहीण योजना शोधली तर ती मिळणारच नाही, कारण तिची घोषणा जूनमधली.

छोट्या पुस्तिकेतून दोनच गोष्टी आधी काढा: महसुली तूट (चालू खर्च चालू जमेपेक्षा किती जास्त) आणि राजकोषीय तूट (वर्षाची एकूण उसनवारी). 10 मार्च 2025 रोजी मांडलेल्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली जमा 5,60,964 कोटी आणि महसुली खर्च 6,06,855 कोटी होता, म्हणजे 45,891 कोटींची महसुली तूट. राजकोषीय तूट 1,36,235 कोटी. महसुली तुटीला राजकोषीय तुटीने भागलं की कळतं, त्या वर्षी जेवढी उसनवारी अंदाजली होती तिचा साधारण एक तृतीयांश भाग पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चासाठी जाणार होता. रस्ते, धरणं, इमारती उरलेल्यातून. हे प्रमाण वर्षानुवर्षं मांडून बघितलं तर राज्याच्या आर्थिक तब्येतीबद्दल भाषणापेक्षा जास्त कळतं.

पायरी 2: लेखाशीर्ष ओळखायला शिका

इथे थोडा वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. योजनांची नावं बदलतात, मंत्र्यांप्रमाणे लांबतात, मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत वेगळी छापली जातात. लेखाशीर्षाचा, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खात्याचा, क्रमांक मात्र टिकून राहतो. नावाने शोधणारा माणूस चुकतो, क्रमांकाने शोधणारा पोहोचतो.

प्रधान शीर्ष चार अंकी असतं आणि देशभर सारखं असतं. पहिला अंक पैशाचा प्रकार सांगतो. 0 किंवा 1 म्हणजे महसुली जमा, 2 किंवा 3 महसुली खर्च, 4 किंवा 5 भांडवली खर्च, 6 किंवा 7 कर्जं व आगाऊ रकमा, 8 म्हणजे आकस्मिकता निधी आणि लोकलेखा (सरकारकडे ठेव म्हणून असलेला इतरांचा पैसा). काही शीर्षं पाठच करून टाका: 2202 सर्वसाधारण शिक्षण, 2210 वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, 2235 सामाजिक सुरक्षा व कल्याण, 2401 पीक संवर्धन, 3054 रस्ते व पूल (देखभाल), 5054 रस्ते व पुलांवरील भांडवली खर्च, 2049 व्याज, 2071 निवृत्तिवेतन. आरोग्यावरचा भांडवली खर्च 4210 खाली येतो. 2210 आणि 4210 मधला हा 2000 चा फरक लक्षात ठेवला की बहुतेक जोड्या आपोआप सापडतात.

त्याखाली तीन अंकी गौण शीर्ष येतं. यातली दोन विशेष महत्त्वाची: 789 अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक कार्यक्रमाचं आणि 796 आदिवासी उपयोजनेचं. या घटकांचा निधी कुठे वळवला का, हे तपासायचं असेल तर हेच दोन क्रमांक धरून शोधा. 800 हे ‘इतर खर्च’. मोठी रक्कम 800 खाली दिसली तर थांबा आणि खोलात जा. महालेखापरीक्षकांचे (कॅग) अहवालही या शीर्षाच्या अतिवापरावर बोट ठेवतात, कारण तिथे गेलेला पैसा नक्की कशासाठी, ते लेख्यांतून कळत नाही.

शेवटी उद्दिष्ट शीर्ष: 01 वेतन, 13 कार्यालयीन खर्च, 31 सहायक अनुदाने (वेतनेतर), 53 मोठी बांधकामे वगैरे. शासन निर्णयांत याशिवाय प्रधान शीर्षापासून सुरू होणारा संगणक संकेतांकही छापतात. तो मिळाला तर जपून ठेवा. ऑनलाइन प्रणालीत तोच सर्वांत जलद चालतो.

विभाग विधिमंडळाकडे खर्चाला जी मंजुरी मागतो तिला मागणी म्हणतात. प्रत्येक विभागाच्या मागण्यांना एक इंग्रजी अक्षर असतं: शालेय शिक्षण ई, सार्वजनिक बांधकाम एच, सार्वजनिक आरोग्य आर, महिला व बालविकास एक्स. एकच योजना दोन-तीन अक्षरांखाली विभागलेली असू शकते. सर्वसाधारण घटक एका विभागाकडे, अनुसूचित जाती घटक सामाजिक न्यायकडे, आदिवासी घटक आदिवासी विकासकडे. एकाच मागणीवरून ‘योजनेची तरतूद निम्मी केली’ असं जाहीर करण्याआधी बाकीच्या मागण्या उघडून बेरीज करा. केंद्र पुरस्कृत योजनेत केंद्र हिस्सा आणि राज्य हिस्सा यांचे संकेतांकही बहुधा वेगळे असतात. तीही बेरीज करावी लागते.

आणखी एक चूक नेमाने होते. गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत उभी राहते आणि लोक ती 4210 मध्ये शोधतात. पण मालमत्ता जिल्हा परिषदेची होणार असेल तर राज्याच्या दृष्टीने ते सहायक अनुदान असतं आणि अनुदान महसुली खर्चात, म्हणजे 2210 खाली नोंदवलं जातं. भांडवली शीर्षात रक्कम दिसली नाही म्हणून पैसा दिलाच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

पायरी 3: चारही रकाने वाचा, एकक तपासा

तपशीलवार अंदाजांत प्रत्येक ओळीपुढे चार आकडे असतात. 2025-26 च्या पुस्तकात ते असे: 2023-24 च्या प्रत्यक्ष रकमा, 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज, 2024-25 चा सुधारित अंदाज आणि 2025-26 चा अर्थसंकल्पीय अंदाज. नवखा माणूस अंदाजाची तुलना अंदाजाशी करतो आणि वाढ किंवा कपात सांगून मोकळा होतो. लाडकी बहीण योजनेला 2024-25 मध्ये 46,000 कोटी आणि 2025-26 मध्ये 36,000 कोटी, एवढं बघून ‘दहा हजार कोटींची कपात’ असा मथळा करता येतो. पण पहिला आकडा योजना सुरू होण्याआधी बांधलेला होता. योग्य तुलना सुधारित अंदाजाशी, आणि पुढे प्रत्यक्ष रकमा आल्या की त्यांच्याशी. योजना प्रत्यक्षात किती चालते हे समजायला सलग तीन वर्षांच्या प्रत्यक्ष रकमा लागतात. म्हणजे तीन वेगवेगळ्या वर्षांची पुस्तकं उघडावी लागतात, त्याला इलाज नाही.

तपशीलवार पुस्तकांतल्या रकमा हजार रुपयांत असतात, संक्षिप्त पुस्तिकेत कोटींत. हजारांतली रक्कम कोटींत आणायला 10,000 ने भागा. 12,50,000 असं छापलं असेल तर ते 125 कोटी. माहितीच्या अधिकाराचे अर्ज आणि बातम्या या एका चुकीने कितीदा तरी कोलमडतात.

एखाद्या ओळीपुढे फक्त 1 दिसला, म्हणजे एक हजार रुपये, तर ती लाक्षणिक तरतूद. लेखाशीर्ष उघडं ठेवलं आहे, पैसा पुढे पुरवणी मागणीतून किंवा पुनर्विनियोजनाने येईल किंवा येणार नाही. भाषणात मोठ्या आवाजात जाहीर झालेल्या कामापुढे अशी ओळ सापडते तेव्हा ती नोंदवून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा बघा. पुरवणी मागण्या अनुच्छेद 205 खाली येतात आणि महाराष्ट्रात पावसाळी, नागपूरचं हिवाळी आणि अर्थसंकल्पीय अशा तिन्ही अधिवेशनांत मांडल्या जातात. प्रत्येक वेळी वेगळं पुस्तक निघतं.

भाषणाबद्दल एवढंच: त्यातल्या रकमा अनेकदा कित्येक वर्षांच्या एकत्रित असतात, किंवा एखादं महामंडळ शासनाच्या हमीवर काढणार असलेल्या कर्जाच्या असतात. तो पैसा विभागाच्या मागणीत दिसत नाही. भाषणातली घोषणा आणि पुस्तकातली ओळ यांची जोडी लागेपर्यंत ती घोषणाच समजा.

पायरी 4: बीम्स आणि कोषवाणी

मंजूर तरतूद म्हणजे विभागाच्या हातात आलेला पैसा नव्हे. वित्त विभाग वर्षभरात टप्प्याटप्प्याने निधी वितरित करतो आणि तो बीम्स या ऑनलाइन प्रणालीवरून खाली उतरतो. विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कोषागारात देयक सादर करून पैसा काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे. या शेवटच्या अधिकाऱ्याला प्रणालीतून प्राधिकारपत्र मिळाल्याशिवाय कोषागारात देयक चालत नाही. म्हणून ‘निधी आला नाही’ असं तालुक्याचं कार्यालय सांगतं तेव्हा ते खरं की खोटं, हे बीम्सवर तपासता येतं.

सार्वजनिक अहवालांत विभाग, मागणी आणि योजनानिहाय तरतूद, वितरण आणि खर्च असे रकाने मिळतात. आर्थिक वर्ष निवडा, विभाग निवडा, लेखाशीर्षापर्यंत उतरा. रकमेचं एकक वर लिहिलेलं असतं, ते आधी बघा. पडद्याचं चित्र तारखेसह जतन करा, कारण आकडे रोज हलतात आणि महिन्याभराने वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा हवा.

तरतूद भरपूर, वितरण कमी: अडचण मंत्रालयात. वितरण पूर्ण, खर्च कमी: अडचण जिल्ह्यात, आणि कारण बहुधा निविदा, जागा किंवा प्रलंबित मान्यता. फेब्रुवारीपर्यंत वितरण तुटपुंजं आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम सगळं: तो पैसा नीट खर्च होण्याची शक्यता कमी, त्या कामावर पुढे नजर ठेवा. मला विचाराल तर मार्चअखेरची ही धावपळ हा राज्याच्या खर्चातला सर्वांत महाग दोष आहे. घाईत दिलेली कामं कागदावर पूर्ण होतात आणि पावसाळ्यात उघडी पडतात.

महाकोष संकेतस्थळावरची कोषवाणी ही कोषागारांच्या बाजूने तोच पैसा दाखवते. दोन्हींत थोडा फरक असतोच. देयकं मंजुरीच्या वाटेवर असतात. फरक मोठा असेल आणि महिनोन्महिने टिकला तर मात्र प्रश्न विचारा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोषागारातून पैसा निघाला की तो ‘खर्च’ म्हणून नोंदला जातो, पण तो लाभार्थीपर्यंत किंवा ठेकेदारापर्यंत पोहोचलेला असेलच असं नाही. तो महामंडळाच्या बँक खात्यात असू शकतो, स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावाने कोषागारात ठेवलेल्या खात्यात) असू शकतो, केंद्र पुरस्कृत योजनेच्या एकल नोडल एजन्सीच्या (योजनेचा पैसा सांभाळायला नेमलेल्या एकमेव संस्थेच्या) खात्यात पडून असू शकतो, जिल्हा परिषदेकडे असू शकतो. जिल्हा परिषदेला तर जिल्हा योजनेतला निधी पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वापरता येतो. म्हणून 100 टक्के खर्चाचा आकडा पाहिल्यावर पुढचा प्रश्न एकच: उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच वापरल्याचा दाखला, कुठे आहे?

पायरी 5: जिल्ह्यात उतरा

तुमच्या परिसरातली बरीच कामं जिल्हा वार्षिक योजनेतून होतात. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. 2025-26 साठी राज्यभर सर्वसाधारण जिल्हा योजनेला 20,165 कोटी ठेवले होते. जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मंजूर कामांची यादी आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मिळवा. यादीत जुन्या कामांचं दायित्व किती, तेही बघा. नव्या वर्षाचा मोठा हिस्सा जुनी देणी फेडण्यात जात असेल तर नव्या कामांना नुसती मान्यता मिळते, पैसा मिळत नाही.

एका कामाची कागदांची साखळी अशी असते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, पूर्णत्वाचा दाखला. यातली मोजमाप पुस्तिका सर्वांत बोलकी. रस्त्याची लांबी, रुंदी, थराची जाडी, तारीख आणि अभियंत्याची सही, सगळं तिच्यात असतं. टेप घेऊन जागेवर गेलात तर तुलना लगेच होते.

पायरी 6: माहितीचा अधिकार, मोजक्या शब्दांत

अर्जाआधी दोन सोपे मार्ग वापरा. कायद्याच्या कलम 4(1)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने 17 मुद्द्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते आणि त्यात नेमून दिलेला अर्थसंकल्प व खर्चही येतो. दुसरं, 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी बघून घेतलं की अर्जात नेमके कागद मागता येतात.

राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांच्या आत. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. छायाप्रत पानाला 2 रुपये. मजकूर असा लिहा:

‘सन 2024-25 मध्ये (गाव, तालुका) येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारत दुरुस्तीच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: 1) प्रशासकीय मान्यता आदेश व अंदाजपत्रक, 2) तांत्रिक मान्यता, 3) कार्यारंभ आदेश, 4) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, 5) अदा केलेली देयके, प्रमाणक क्रमांक व दिनांकासह, 6) पूर्णत्वाचा दाखला.’

‘काम निकृष्ट का झालं’ असं विचारू नका. जन माहिती अधिकारी उपलब्ध कागद देऊ शकतो, खुलासे देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, आणि त्या एका वाक्यामुळे अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) खाली तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 30 दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, मग 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलाला 20 रुपये.

जमेची बाजू: प्राप्तिकर केंद्राचा, परिणाम राज्यावर

खर्चाच्या शोधात जमा विसरू नका. प्राप्तिकराचे दर दिल्लीत ठरतात, तरी त्यातला हिस्सा राज्याच्या अर्थसंकल्पात 0021 या शीर्षाखाली येतो, कंपनी कराचा 0020 खाली. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी विभाज्य करनिधीचे (केंद्राने राज्यांसोबत वाटून घ्यायच्या करांचे) 41 टक्के राज्यांना दिले आणि त्यातला महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के ठरवला. 2026-27 पासूनच्या गणितात सोळाव्या आयोगाची टक्केवारी घ्या.

हे गणित स्वतः करून पाहा. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं आणि प्रत्यक्ष करांतून सुमारे 1 लाख कोटी सोडल्याचं केंद्राने सांगितलं. त्याचे 41 टक्के 41,000 कोटी, त्याचे 6.317 टक्के साधारण 2,590 कोटी. बाकी सगळं तसंच राहिलं असं धरलं तर महाराष्ट्राच्या वाट्याला एवढी झळ. त्या वर्षी एकूण वसुलीच वाढली तर ती झळ आकड्यात दिसणार नाही, म्हणून हा अंदाज म्हणूनच वापरा. उलट, अधिभार आणि उपकर विभाज्य निधीत येतच नाहीत. केंद्राने अधिभार कमी केला तर राज्याचं काही जात नाही, वाढवला तर राज्याला काही मिळत नाही. कोणत्याही करसुधारणेची बातमी आली की मूळ दर बदलला की अधिभार, हे आधी बघा.

पगारातून राज्य थेट घेतं तो व्यवसाय कर, शीर्ष 0028. अनुच्छेद 276 मुळे तो माणशी वर्षाला 2,500 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि ही मर्यादा 1988 पासून तशीच आहे. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ते याच मर्यादेत बसवण्यासाठी. महिन्याला 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना 2023 पासून हा कर माफ आहे. पगारपत्रकावर कपात दिसत असेल तर कार्यालयाच्या लेखा शाखेला विचारा.

पायरी 7: वर्ष संपल्यावर

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या वित्तावरील अहवाल राज्यपालांना देतात आणि तो विधिमंडळात मांडला जातो. सोबत वित्तीय लेखे आणि विनियोजन लेखेही येतात. विनियोजन लेख्यांत तुमच्या मागणीचं पान काढा: मंजूर किती, खर्च किती, समर्पित (न वापरता परत केलेला) किती आणि कोणत्या तारखेला. 31 मार्चला समर्पित केलेला पैसा दुसऱ्या कुणाच्याही कामी आलेला नसतो. पुरवणी मागणी मंजूर करून घेतली आणि मूळ तरतूदही संपली नाही, अशी उदाहरणं त्याच पानावर सापडतात. ती सलग तीन वर्षं दिसली तर त्या विभागाची मागणीच फुगवलेली आहे असं म्हणायला तुमच्याकडे आधार आहे.

महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर प्रत्येक राज्याचे मासिक निर्देशकही मिळतात. ते लेखापरीक्षित नसतात, पण डिसेंबरपर्यंत भांडवली खर्चाचं किती उद्दिष्ट गाठलं, एवढं बघायला पुरेसे आहेत. जिल्हा परिषदेच्या खर्चासाठी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल आणि विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचे अहवाल शोधा, राज्य विभागांसाठी लोकलेखा समितीचे.

सापडलेली तफावत आमदारांकडे न्यायची असेल तर अधिवेशनाच्या बरीच आधी न्या, कारण तारांकित प्रश्न आगाऊ द्यावे लागतात. सोबत एकच पान द्या: मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, पाच आकडे, प्रत्येकाची तारीख आणि कुठल्या पुस्तकाचं कितवं पान.